ते पत्र लिंकनचं नाही

शिक्षक दिन जवळ आला की अब्राहम लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून एक पत्र हमखास फिरू लागतं. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते आपल्याकडे शाळांच्या भिंतींवरही पोचलं. मजकूर सुंदर आहे, पण लिंकननी तो लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही.

म्हणे, मुलाला शाळेत घालताना लिहिलं. कोणत्या मुलाला? काही फॉरवर्डांत साल १८३० असतं. तेव्हा लिंकन २१ वर्षांचे, अविवाहित. लग्न झालं १८४२ मध्ये, थोरला रॉबर्ट जन्मला १८४३ मध्ये. एडवर्ड चार वर्षांचा व्हायच्या आतच गेला. विली आणि टॅड व्हाइट हाउसमध्ये घरीच शिकवणीला बसत.

‘मूळ पत्र कुठेतरी असेलच’, असंही म्हणतात. लिंकनचं समग्र लेखन रॉय बासलर यांच्या संपादनाखाली १९५३ मध्ये आठ खंडांत निघालं. दोन ओळींच्या तारासुद्धा त्यात आहेत. हे पत्र नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनाही ना शाळेचं नाव सांगता येतं, ना हेडमास्तरांचं.

मग शेवटचा मुद्दा येतो: ‘विचार चांगले आहेत ना, कुणाचे का असेनात!’ मला हाच सगळ्यात जास्त खटकतो. विचार चांगले असतील तर ते बिननावानं वाचा. लिंकनचं नाव चिकटवलं की त्यांची खरी पत्रं मागे पडतात, आणि ती फार मोलाची आहेत.

डिसेंबर १८४८. स्प्रिंगफील्डचे वकील असलेले लिंकन तेव्हा काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य होते. सावत्रभाऊ जॉन जॉन्स्टननं ८० डॉलर मागितले. लिंकननी सरळ नाही म्हटलं. तू आळशी नाहीस, पण रिकामटेकडा आहेस; आपली भेट झाल्यापासून एक दिवस तरी तू पुरतं काम केलंस का, याची मला शंका आहे, असं बजावलं. आधी केलेल्या मदतीनंतरही तू पुन्हा त्याच अडचणीत सापडलास, याचीही आठवण दिली. पण हात झटकले नाहीत. एक मेपर्यंत तू मजुरी करून जेवढे डॉलर कमावशील किंवा कर्जात फेडशील, तेवढेच मी वर घालीन. महिना दहा मिळवलेस तर तुला वीस पडतील, असा चोख व्यवहार पुढे ठेवला. कष्टाच्या पैशाची किंमत याहून नेमकी कशी सांगणार?

अपयशाबद्दलही त्यांचं खरं पत्र आहे. रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास होऊन एक्झेटरच्या शाळेत गेला होता. पुढच्या वर्षी त्याचा मित्र जॉर्ज लॅथम नापास झाला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, तरी २२ जुलै १८६० रोजी त्यांनी त्या पोराला स्वतः पत्र लिहिलं: हे अपयश तात्पुरतं आहे, सहज प्रवेश मिळालेल्या कित्येकांपेक्षा तू पुढे सरस ठरू शकतोस, हरायचं नाही असं पक्कं ठरवलंस तर हरणार नाहीस. शाळेच्या भिंतीवर लिंकन हवे असतील तर हे पत्र लावा.