गावकऱ्यांना अडाणी ठरवण्याआधी

पुण्याजवळच्या मुळशीत डोंगर फोडून खडी करणाऱ्या क्रशरला गावांचा विरोध म्हणजे 'विकासात खोडा', असं एका लेखात वाचलं. लेखकाने एकदा मे महिन्यात आमच्याकडे यावं. अंगणात वाळत घातलेले तांदळाचे पापड क्रशरच्या धुळीने दुपारपर्यंत राखाडी होतात, परत धुवायचे तरी कसे? सुरुंग उडाला की फडताळातली भांडी वाजतात. आजी अजूनही 'भूकंप' म्हणूनच बाहेर येते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. आपला खडक काळा बेसॉल्ट. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात, त्यावरच झरे आणि विहिरी जगतात. ते सांधेच फोडले तर विहीर आटणारच. हे कळायला भूगर्भशास्त्रज्ञ व्हायला लागत नाही, आमचे पाणाडे सांगतील.

नियमांचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच दीपक कुमार प्रकरणात सांगितलंय की ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. कारण मोठ्या सलग क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळली जात होती. आमच्या ग्रामसभेत या मंजुरीची साधी प्रत मागितली, तर 'तालुक्याला जा' म्हणाले. तालुक्याला गेलो, तर साहेब मीटिंगला.

खडी लागते, मान्य. पुण्यातले टॉवर काय हवेत उभे राहतात? पण मग निदान डंपर झाकून न्या, पाणी मारा, आणि सुरुंगाची वेळ आधी सांगा. आणि हो, शाळा सुटायच्या वेळी डंपरचा रस्ता तेवढा मोकळा ठेवा.