अ‍ॅस्ट्रॉलॉजर घ्या, व्हिगर विसरा? थांबा जरा

दिवाळीपासून आमच्या दारव्ह्याकडच्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर एल्डन रिंग या तलवार-जादूच्या व्हिडिओ गेमवरचा एक मेसेज फिरतोय. पहिल्यांदा कोणी पाठवला ते ठाऊक नाही, वर फॉरवर्डचे दोन बाण तेवढे दिसतात. मजकूर असा:

“एल्डन रिंग नव्यानं खेळणाऱ्यांनो, लक्षात ठेवा. क्लास चुकला की सगळं पहिल्यापासून. तलवारवाले मार्गिटपाशीच अडकतात, म्हणून डोळे झाकून अ‍ॅस्ट्रॉलॉजर घ्या. सगळे पॉइंट इंटेलिजन्सला द्या. व्हिगरवर पॉइंट वाया घालवू नका, ज्याला फटका चुकवता येतो त्याला जीव कशाला लागतो? टॉपचा बिल्ड व्हिडिओत बघा आणि जसाच्या तसा उचला.”

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: क्लास म्हणजे सुरुवातीला निवडायचं पात्र, अ‍ॅस्ट्रॉलॉजर हा त्यातला जादूगार. लेव्हल चढली की एक पॉइंट मिळतो; व्हिगर हा जिवाचा आकडा, इंटेलिजन्स जादूचा. मार्गिट हा सुरुवातीचा मोठा शत्रू, म्हणजे बॉस. आणि पॉइंट, शस्त्रं यांची सगळी मांडणी म्हणजे बिल्ड.

माझ्या मावसभावानं हे वेदवाक्य मानलं. दिवसा घरची कपाशी, पाळी आली की रात्री जागल, आणि पाळी नसेल त्या रात्री जुन्या लॅपटॉपवर एल्डन रिंग. गेमला किमान 12 जीबी रॅम लागते, याच्याकडे 8 आहे. गेम चालतो, पण बैलानं चिखलात पाय उचलावा तसा.

नऊ रात्री तो मार्गिटपाशी होता. दहाव्या रात्री मी शेजारी बसलो. धुक्याच्या पडद्यातून आत गेला, जादूचे दोन खडे फेकले, मार्गिटनं काठी उगारली आणि तशीच धरून ठेवली. यानं घाबरून आधीच लोळण घेतली, उठला, आणि तेव्हा काठी खाली आली. दुसरी बसली तेव्हा स्क्रीनवर मेल्याची लाल अक्षरं.

“काहून बे, व्हिगर किती हाये तुह्या?”

“नऊ.”

“अन् लेव्हल?”

“एकोणतीस. मेसेजात लिवलं हाये न भाऊ, व्हिगरले हात लावू नोको म्हणून.”

म्हणून मी सुरुवात व्हिगरपासूनच करतो. मेसेजातल्या सगळ्या वाक्यांत जास्तीत जास्त नुकसान त्यानंच केलंय.

अ‍ॅस्ट्रॉलॉजर लेव्हल 6 ला सुरू होतो, व्हिगर 9 आणि इंटेलिजन्स 16 घेऊन. भावानं पुढचे तेवीसच्या तेवीस पॉइंट इंटेलिजन्सला दिले होते. व्हिगर 9 म्हणजे एचपी (जिवाचा साठा) 396. त्यातले सोळा व्हिगरला दिले असते तर व्हिगर 25 झाला असता आणि एचपी 800, दुपटीहून जास्त. सात पॉइंट तरीही हातात उरले असते.

पुढचा हिशोब आणखी गमतीचा आहे. 25 वरून 40 पर्यंत व्हिगर नेला की एचपी 800 वरून 1450 होतो. पंधरा पॉइंटांत साडेसहाशे, म्हणजे पॉइंटमागे त्रेचाळीसच्या वर. पुढे 60 पर्यंत 1900. आणि 60 पासून थेट 99 पर्यंत? एकोणचाळीस पॉइंट ओतून मिळतात फक्त 200. तिथं मात्र मेसेजवाला बरोबर आहे, ते पॉइंट वायाच. पण नवा खेळाडू 60 च्या पुढचा नसतो, तो नऊवर अडकलेला असतो. विहीर तुडुंब असताना मोटर बंद ठेवायची आणि तळ दिसल्यावर चालू करायची, असा हा सल्ला.

“ज्याला चुकवता येतं” हे ऐकायला झकास वाटतं. रेच नावाचा क्लास घेऊन, लेव्हल 1 वरच, सगळे आकडे 10 ठेवून हा गेम पूर्ण करणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्यांना प्रत्येक बॉसचा प्रत्येक हात पाठ असतो. मार्गिट काठी उगारून किती वेळ धरून ठेवतो, हे कळायला ती काठी आधी दहा-वीस वेळा बघावी लागते. दोन फटक्यांत मरणाऱ्याला तिसरा फटका कसा येतो तेच कधी दिसत नाही. भावाला नऊ रात्रींत मार्गिटचा हातोडा एकदाच दिसला होता. हातोडा तो दुसऱ्या टप्प्यात काढतो.

आता इंटेलिजन्स. सुरुवातीला जादूचा जोर तुमच्या आकड्यापेक्षा हातातल्या जादूच्या काठीवर जास्त ठरतो. गेममधल्या केलिड मुलखाच्या दलदलीत स्ट्रीट ऑफ सेजेस नावाचे पडके अवशेष आहेत. तिथं मीटिओराइट स्टाफ ही काठी पडलेली असते, इंटेलिजन्सला एस दर्जाचं स्केलिंग (म्हणजे इंटेलिजन्सचा फायदा भरपूर), लागतं इंटेलिजन्स 18. त्याच अवशेषांच्या तळघरात रॉक स्लिंग ही जादू मिळते, तीही 18 वर चालते. टोरेंट घोडा मिळाला की कुणाशी न लढता नुसतं दौडत जाऊन दोन्ही उचलता येतात. ही काठी पुढे सुधारता येत नाही, पण मार्गिटसाठी पुष्कळ झाली. म्हणजे अ‍ॅस्ट्रॉलॉजरला फक्त दोन पॉइंट द्यायचे होते. भावानं तेवीस दिले आणि काठी मात्र सुरुवातीचीच ठेवली.

क्लास चुकला की सगळं पहिल्यापासून, हे तर सरळ चूक आहे. राया लुकारिया अकादमीत रेनाला या बॉसला हरवलं की तीच तुमचे पॉइंट परत वाटून देते. एका वेळेला लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू लागते, आणि मूळ गेममध्ये ते डझनाहून जास्त आहेत. क्लासच्या मूळ आकड्याखाली तेवढं जाता येत नाही.

मूळ आकड्यांत तरी किती फरक असतो? समजा कुणी चुकून वॅगाबाँड घेतला, ढाल-तलवारवाला, आणि नंतर त्याला जादूगार व्हावंसं वाटलं. व्हिगर 15, माइंड (जादूच्या साठ्याचा आकडा) 15, इंटेलिजन्स 16 इथवर यायला अ‍ॅस्ट्रॉलॉजरची लेव्हल होते 12. वॅगाबाँडची होते 21. नऊ लेव्हलचा फरक, आणि त्या बदल्यात वॅगाबाँडकडे स्ट्रेंग्थ (ताकद) सहानं जास्त असते. लेव्हल 100 ला पोचलेल्या माणसाला या नऊची आठवणही राहत नाही.

शिवाय रेनालावर आणि तिच्या आधी येणाऱ्या लाल लांडग्यावर साध्या जादूचा परिणाम फार कमी होतो. मेसेज ऐकून आलेला शुद्ध जादूगार तिथं भिंतीवर खडे मारत बसतो. रॉक स्लिंग मात्र चालते, कारण ते दगड खरे दगड आहेत, त्यांचं नुकसान शारीरिक धरलं जातं.

तलवारवाले मार्गिटपाशी अडकतात हे खरं. सगळेच अडकतात. तो बॉसच तसा ठेवलाय, की आधी बाकीचा मुलूख फिरून या. लांबून खडे फेकणाऱ्यावरही तो उडी मारून येतो, आणि प्रकाशाचे सुरेही फेकतो. दाराबाहेर रॉजिअर नावाच्या जादूगाराची खूण असते, त्याला मदतीला बोलावता येतं. तरीही तिढा सुटत नसेल तर स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या कडेनं पुढच्या लियुर्निया मुलखात जाणारी पायवाट आहे, मार्गिटला न भेटता सरळ पुढे.

आणि तलवार दुबळी कुठं आहे? शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. कॅसल मॉर्नमधल्या क्लेमोर या मोठ्या तलवारीला स्ट्रेंग्थ 16 आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) 13 लागते. वॅगाबाँडकडे 14 आणि 13 असते, म्हणजे एकही पॉइंट न देता तो ती दोन्ही हातांनी चालवतो. ग्रेटस्वोर्डला 31 लागते, दोन हातांनी 21 पुरते. जादूगाराला आणखी एक तोटा असतो, त्याबद्दल मेसेज गप्प आहे. जिवाच्या आणि जादूच्या बाटल्या एकाच हिशोबातल्या असतात, शेवटपर्यंत गेलात तरी एकूण 14. जादूची निळी वाढवली की जिवाची लाल कमी होते.

एक मात्र कबूल करतो. लांब उभं राहून मारता येणं नव्या माणसाला सोपं जातं, विशेषतः उघड्या माळावर. अ‍ॅस्ट्रॉलॉजर वाईट आहे असं माझं म्हणणं नाहीच.

राहिला व्हिडिओतला टॉपचा बिल्ड. गेम आला 25 फेब्रुवारी 2022 ला. पहिल्या तीन आठवड्यांत होरफ्रॉस्ट स्टॉम्प हा डाव आणि स्वोर्ड ऑफ नाइट अँड फ्लेम ही तलवार यांचे व्हिडिओ सगळीकडे होते, एक पाय आपटला की बॉस आडवा. मार्चमध्येच 1.03 पॅच (गेममधली दुरुस्ती) आला आणि दोन्हींचा जोर उतरला, आपलीच नक्कल मदतीला आणणाऱ्या मिमिक टिअरचाही. व्हिडिओ मात्र आजही तिथंच आहेत, आणि त्यांच्यावर तारीख कोण बघतो! 2024 मध्ये शॅडो ऑफ द एर्डट्री हा गेमचा जोडभाग आला तेव्हा लेव्हल 150 चे बहाद्दर पहिल्याच बॉसकडून लोळले. तिथं स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून वाढवायचा आशीर्वाद वेगळाच मोजला जातो, आणि त्यांचा तो शून्य होता.

आमच्याकडे जून लागला की कृषी केंद्रात हेच चालतं. अमक्याच्या काळ्या रानात एका वाणानं एकरी इतकं दिलं, मग बरड रानवालाही तीच पिशवी उचलतो. ऑक्टोबरात तो बियाण्याला शिव्या देतो.

भावाचं बरड रान म्हणजे त्याचा लॅपटॉप. व्हिडिओवाल्याचा गेम पूर्ण 60 फ्रेमनं चालतो, याचा नेमका फटका बसायच्या क्षणी अडखळतो. वेळेवर लोळून चुकवायच्या बिल्डमध्ये हा मरणारच. अशा माणसानं जाड ढाल आणि भाला घ्यावा. ढाल वर धरून ठेवता येते, तिला क्षणाचा नेम लागत नाही. फटका ढालीवर झेलून लगेच जोराचा वार केला की गार्ड काउंटर होतो, दोन-चार बसले की भले भले गुडघ्यावर येतात. हे कुठल्या व्हिडिओत ‘टॉप’ म्हणून येत नाही, कारण दिसायला कंटाळवाणं आहे.

भावानं अ‍ॅस्ट्रॉलॉजर टाकला नाही. आठवडाभर रुन (लेव्हल चढवायला लागणारं चलन) गोळा करून व्हिगर 25 वर नेला, केलिडातून काठी आणली, थोडी स्ट्रेंग्थ वाढवून ढालही घेतली. मार्गिट त्यानं कसा मारला ते मला बघायला मिळालं नाही, मी यवतमाळला होतो. रात्री सव्वा दोनला फोन आला. वाटलं रोही शिरले पराटीत.

“पडला भाऊ! अन् त्याचा हातोडा पाह्यला म्या, लय मोठा हाये!”

परवा रेनालाही झाली, दगडांनी. आता खिशात दोन लार्व्हल टिअर घेऊन फिरतोय आणि मला विचारून राहिलाय, दोन हातांत दोन क्लेमोर धरता येतात काय म्हणून. येतात. पण दुसरी मिळवायला गेम संपवून पुन्हा फेरी मारावी लागेल, हे अजून मी त्याला सांगितलेलं नाही.