मीठदाणीतली बाई नॅन्सी ग्रीन नाही

'आंट जेमिमा' या अमेरिकेतल्या पॅनकेक-पिठाच्या ब्रँडबद्दलचा एक मेसेज २०२० पासून फिरतोय. गेल्या आठवड्यात तो मराठीत होऊन आमच्या इथल्या मंडळाच्या ग्रुपवर आला. थोडक्यात असा: नॅन्सी ग्रीन गुलामगिरीत जन्मली, पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर झळकली, अमेरिकेतल्या पहिल्या काळ्या लक्षाधीशांपैकी एक झाली, आणि २०२० मध्ये कंपनीने तिला पुसून टाकलं. खाली सल्ला: 'जुन्या बाजारात जेमिमा मावशीची मीठदाणी दिसली तर घेऊन ठेवा, तीच तिची आठवण.'

मी ओहायोत राहते आणि ती मीठदाणी माझ्याकडे आहे. बोटभर उंचीची, प्लास्टिकची. लाल झगा, डोक्याला रुमाल आणि कानापर्यंत गेलेलं हसू. जोडीला मिरीसाठी 'अंकल मोझ'. उलटी केली की बुडावर कारखान्याचं नाव दिसतं: एफ अँड एफ मोल्ड अँड डाय वर्क्स, डेटन, ओहायो. तेव्हा हा ब्रँड ज्यांच्याकडे होता त्या क्वेकर ओट्स कंपनीसाठी या जोड्या तिथे बनल्या, १९५० च्या आसपास. नॅन्सी ग्रीन वारली १९२३ मध्ये. म्हणजे 'तीच तिची आठवण' इथेच लंगडी पडते.

आता 'लक्षाधीश'. याला कसलाही पुरावा नाही. १९१० च्या जनगणनेत पंचाहत्तरीच्या या बाईचा व्यवसाय लिहिलाय, घरकाम. लक्षाधीश बाई त्या वयात लोकांच्या घरी राबत नाही. तिच्याशी जन्मभराचा करार झाला वगैरे कथा कंपनीच्या जाहिरातबाजीतून पुढे चालत आल्या.

'खोक्यावरचा चेहरा तिचा' हेही अर्धवट. मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात ख्रिस रट आणि चार्ल्स अंडरवुड यांनी १८८९ मध्ये तयार पीठ काढलं आणि नाव उचललं मिन्स्ट्रेल खेळातल्या एका गाण्यावरून. मिन्स्ट्रेल म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायची, तो तमाशा. नॅन्सी ग्रीन नंतर आली. धंदा आर. टी. डेव्हिसच्या हाती गेल्यावर तिला नोकरीवर घेतलं, आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ती पॅनकेक भाजत गोष्टी सांगत उभी राहिली. तिच्या पश्चात लिलियन रिचर्ड, ॲना हॅरिंग्टन अशा अनेकींनी ही भूमिका केली. आधी पात्र तयार होतं, बाया त्यात बसवल्या गेल्या.

मेसेजमधल्या 'मावशी' शब्दावर मात्र मी जरा थांबले. भाषांतर करणाऱ्याने प्रेमानेच लिहिलं असणार. पण अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक वयस्क काळ्या स्त्रीला 'आंट' आणि पुरुषाला 'अंकल' म्हणत, कारण 'मिसेस' आणि 'मिस्टर' म्हणायचं नव्हतं. नात्याचा शब्द द्यायचा, मान द्यायचा नाही. पुण्यातल्या घरात कामाच्या बाईंना मावशी म्हणून चहा वेगळ्या कपात देताना मी पाहिलंय, त्यामुळे मला हे समजायला फार वेळ लागला नाही.

'पुसून टाकलं' हा तर उलटाच हिशेब. १९२३ मध्येच अमेरिकेच्या सेनेटने वॉशिंग्टनमध्ये 'मॅमी'चा, म्हणजे गोऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या निष्ठावंत काळ्या दाईचा पुतळा उभारायला मंजुरी दिली. काळ्या समाजाने कडाडून विरोध केला आणि ते विधेयक खालच्या सभागृहात विरलं. त्याच वर्षी शिकागोत मोटारीच्या अपघातात नॅन्सी ग्रीन गेली. ओक वुड्स दफनभूमीतल्या तिच्या जागेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. ब्रॉन्झव्हिल इतिहास मंडळाच्या शेरी विल्यम्स यांनी ती जागा शोधून काढली. त्यांनीच सांगितलंय की कंपनीकडे विचारणा केली तेव्हा उत्तर आलं, नॅन्सी ग्रीन आणि आंट जेमिमा एक नव्हेत, जेमिमा काल्पनिक आहे. दगड बसला २०२० मध्ये. म्हणजे ज्या वर्षी हे नाव मागे घ्यायचं ठरलं, त्याच वर्षी तिला स्वतःच्या नावाचा दगड मिळाला.

'जुन्या निरागस वस्तू' म्हणाल, तर बाजारात जुनं किती, हाही प्रश्नच. मॅककॉय या भांडी बनवणाऱ्या कंपनीच्या दाईच्या आकाराच्या बिस्किटांच्या बरणीच्या नकला खंडीभर निघाल्यात, बुडावर तेच नाव कोरून. मागणी आहे म्हणून आजही बनतात.

ग्रुपवरच्या एका काकांनी विचारलं, "मग तुझ्याकडची फोडणार का?" नाही. मिशिगनमधल्या बिग रॅपिड्सला फेरिस स्टेट विद्यापीठात अशा वर्णद्वेषी वस्तूंचं 'जिम क्रो संग्रहालय' आहे (जिम क्रो म्हणजे काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांचा काळ), ते उभं करणारे डेव्हिड पिल्ग्रिम स्वतः काळे. बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी अलाबामातल्या मोबील शहरात अशीच एक वस्तू, बहुधा मॅमीची मीठदाणीच, विकत घेतली आणि विकणाऱ्यासमोर आपटून फोडली. पुढे त्यांनी अशा हजारो वस्तू जमवल्या, शिकवण्यासाठी. आणि १९७२ मध्ये बेटी सार या कलावतीने अशाच एका बाहुलीच्या हातात झाडूबरोबर बंदूक दिली.

माझी जोडी कपाटात आहे, जेवणाच्या टेबलावर नाही. खाली चिठ्ठी चिकटवलीय: डेटन, १९५० च्या सुमारास, क्वेकर ओट्ससाठी. नॅन्सी ग्रीनचं नाव मी त्यावर लिहिलेलं नाही.