खिडक्या वाचवायला केलेला ठराव

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं पिट्सफील्ड. १७९१ साली तिथे नवं सभागृह उभं राहत होतं. त्याच्या काचा फुटू नयेत म्हणून गावाने ठराव केला : इमारतीपासून ८० यार्डांच्या आत विकेट (क्रिकेटसारखा एक जुना खेळ), क्रिकेट, बेसबॉल, फुटबॉल, कॅट, फाइव्ह्ज (हेही तेव्हाचे चेंडूचे खेळ) किंवा चेंडूचा कुठलाही खेळ खेळायचा नाही. ८० यार्ड म्हणजे क्रिकेटची तीन पिचं एकापुढे एक मांडा, वर अर्धं पिच घ्या, तरी थोडी जागा उरते. पोरांचे टोले चांगलेच लांब जात असणार!

जॉन थॉर्न या इतिहासकारांना एका जुन्या पुस्तकात या ठरावाचा उल्लेख दिसला. शोधल्यावर मूळ कागदही गावातच मिळाला. २००४ मध्ये तो लोकांसमोर आला आणि अमेरिकेतला बेसबॉलचा सर्वांत जुना लेखी उल्लेख म्हणून गाजला.

मला हा मान फार मोलाचा वाटतो. त्यापुढे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला बेसबॉलचं जन्मगाव म्हणून मिळालेला मान पाहा. बेसबॉलचा उगम शोधायला १९०५ साली समिती नेमली गेली. तिने एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या आठवणीवर भिस्त ठेवली आणि १८३९ साली ॲब्नर डबलडे (पुढे हे सेनाधिकारी झाले) यांनी कूपरस्टाउनमध्ये हा खेळ शोधून काढला, असं ठरवून टाकलं. डबलडे तर त्या वर्षी वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होते! तरी १९३९ मध्ये बेसबॉलच्या नामवंतांचं संग्रहालय, 'हॉल ऑफ फेम', कूपरस्टाउनमध्येच उघडलं. संग्रहालय खुशाल तिथेच राहो, पण उगमाचा शिक्का त्या गावावरून पुसायलाच हवा.

तो शिक्का उचलून पिट्सफील्डवर मारू नये, हेही तितकंच खरं. इंग्लंडमध्ये १७५५ सालच्या एका रोजनिशीत बेसबॉल खेळल्याची नोंद आहे. पिट्सफील्डचा मान वेगळा आहे. ज्या खेळाला मनाई करावी लागली, तो तिथे आधीपासून खेळला जात होता, आणि ते सांगणारा कागद गावाने दोनशे वर्षं सांभाळला.

हे वाचताना मला आमची सोसायटी आठवली. तळमजल्यावरच्या काकूंची काच फुटली, तेव्हा कमिटीने मीटिंग घेऊन आवारात क्रिकेट बंद केलं. सेक्रेटरीकाकांनी प्रोसिडिंग बुकात निळ्या शाईने आम्हा चौघांची नावं लिहिली होती, माझं दुसरं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी ती वही मागायला गेलो. आदल्याच दिवशी सगळी बुकं रद्दीवाल्याला किलोवर दिली होती.