कोटा मोठ्या गोठ्यांची वाढ रोखत नाही, ती महाग करतो

गाईच्या दुधाचे दर पडले की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘कॅनडा आणि युरोपप्रमाणे प्रत्येक शेतकऱ्याला दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध विकायचे याची मर्यादा, ठरवून द्या, मग मोठे गोठे वाढणार नाहीत, लहान उत्पादक टिकेल आणि दर कोसळणार नाहीत.’ यामागची तळमळ रास्त आहे, पण यातील एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

पहिले विधान मोठ्या गोठ्यांचे. कोटा मर्यादा घालतो ती एकूण उत्पादनाला. एखाद्याने गोठा वाढवण्यास तो मज्जाव करत नाही, फक्त त्यासाठी बहुधा दुसऱ्याचा कोटा विकत घ्यावा लागतो. कॅनडात तो दररोजच्या एक किलो बटरफॅटच्या (दुधातील स्निग्धांशाच्या), म्हणजे ढोबळमानाने एका गाईच्या, हिशेबाने मोजतात आणि ऑन्टारिओ प्रांतात त्याची कमाल किंमत किलोमागे 24,000 कॅनेडियन डॉलर ठरवलेली आहे. म्हणजे तेथे पन्नास गाई वाढवायच्या, तर गाई, गोठा आणि चारा यांचा खर्च सुरू होण्याआधी केवळ दूध घालण्याच्या हक्कापोटी सुमारे 12 लाख डॉलर मोजावे लागतात. एवढे कर्ज सहज मिळते ते ज्याच्याकडे तारणाला जमीन आणि जुना कोटा आहे त्यालाच. वारशाने गोठा न मिळालेला तरुण उंबरठ्यावरच अडतो.

लहान उत्पादक टिकतो, हे तर आकड्यांवर उतरत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात एक लाखाहून अधिक दुग्धशेते होती, आज ती दहा हजारांच्या आसपास आहेत. कोटा नसलेल्या अमेरिकेतही अशीच घट झाली, त्यामुळे सगळा दोष कोट्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण कोट्याने ती थांबवली, असेही म्हणता येत नाही.

दरांबाबत मात्र कॅनडाला श्रेय द्यायला हवे, कारण तेथे दर खरोखर स्थिर राहतात. त्यामागे उत्पादनखर्च पाहून आधारभूत दर ठरवणारा कॅनेडियन डेअरी आयोग आहे आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या आयातीवर दोनशे टक्क्यांहून अधिक शुल्काची भिंतही आहे. युरोपात 1984 पासून 31 मार्च 2015 पर्यंत कोटा होता, तरीही 2009 मध्ये दर इतके कोसळले की बेल्जियमच्या शेतकऱ्यांनी सिने गावाजवळ ट्रॅक्टरला टाक्या जोडून सुमारे 30 लाख लिटर दूध शेतात ओतले. कोटा उठल्यावर 2015–16 मध्ये दर पुन्हा पडले, त्यात वाढलेल्या दुधाबरोबर रशियाची ऑगस्ट 2014 मधील आयातबंदी आणि चीनची घटलेली खरेदी यांचाही वाटा होता.

कोटा उठवला की सारे सुरळीत होते, असेही नाही. आयर्लंडचे दूध वर्षाला आठ अब्ज लिटरच्या वर गेले, तर नेदरलँड्समध्ये जनावरे एवढी वाढली की शेणमूत्रातील फॉस्फेटला आवर घालण्यासाठी 2018 पासून फॉस्फेट हक्क, म्हणजे गोठ्यातून किती फॉस्फेट निघू द्यायचे याचे परवाने, लागू करावे लागले. तेही विकत घ्यावे लागतात, म्हणजे वाढीवरचा खर्च दुसऱ्या दाराने परत आला.

महाराष्ट्रापुरते सांगायचे, तर येथे गुजरात आणि कर्नाटकातूनही दूध येते, त्यामुळे एकट्या राज्याने कोटा लावून दर सावरणार नाहीत. शिवाय कोट्याचे पहिले वाटप सहसा आधीच्या वर्षांतील नोंदलेल्या दुधावर होते. ज्याचे दूध आज या संकलन केंद्रावर तर उद्या दुसऱ्या खासगी डेअरीकडे जाते, त्या दोन गाईंच्या उत्पादकाची सलग नोंद दाखवायची कोणी आणि कोठून? त्याला पुढे दहा गाई करायच्या झाल्या, तर उरलेला हक्क विकत घ्यावा लागेल तो त्याच मोठ्या गोठेवाल्यांशी स्पर्धा करून.