ईबी-५ : ग्रीन कार्ड आणि मुद्दल, दोन्हींचा हिशेब वेगळा मांडा

अमेरिकेच्या गुंतवणूकदार व्हिसाबद्दल, म्हणजे ईबी-५बद्दल, बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ग्रीन कार्ड किती दिवसांत येईल?’ माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच हवा. प्रकल्प अडचणीत आला तर माझ्या ८ लाख डॉलरच्या आधी कोणाकोणाचं देणं फेडलं जाणार? या योजनेत ग्रीन कार्ड मिळूनही मुद्दल बुडू शकतं. तसंच मुद्दल सुखरूप परत येऊनही ग्रीन कार्ड हातचं जाऊ शकतं. हे दोन निकाल एकमेकांना बांधलेले नाहीत, आणि एजंटच्या बोलण्यात मात्र ते कायम एकच होऊन येतात.

योजना १९९०च्या कायद्यातली. मार्च २०२२च्या सुधारणा कायद्यानुसार साधारण रक्कम १० लाख ५० हजार डॉलर. ग्रामीण भाग, जास्त बेरोजगारीचा भाग किंवा सरकारी पायाभूत प्रकल्प असेल तर ८ लाख. प्रत्येक गुंतवणूकदारामागे किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हायलाच हव्यात, आणि सगळं गाडं अडतं ते इथेच.

बहुतेक जण रीजनल सेंटरच्या, म्हणजे अनेकांची गुंतवणूक एकत्र करून प्रकल्पात लावणाऱ्या सरकारमान्य संस्थेच्या, मार्गाने जातात. तुमचे पैसे एका फंडात जातात, तुम्ही त्यात मर्यादित भागीदार होता आणि तो फंड विकासकाला कर्ज देतो. आता एक हिशेब मांडून पाहू. समजा १२ कोटी डॉलरचं हॉटेल आहे. त्यात बँकेचं कर्ज ६ कोटी, ५० ईबी-५ गुंतवणूकदारांचे ४ कोटी आणि विकासकाचे स्वतःचे २ कोटी. नोकऱ्या हव्यात ५००. अर्थतज्ज्ञाचा अहवाल ६५० दाखवत असेल तर १५० नोकऱ्या राखीव, म्हणजे ३० टक्के. नोकऱ्यांचा आकडा मुख्यतः बांधकामावरच्या खर्चावरून मॉडेलने काढलेला असतो. खर्च कमी झाला की नोकऱ्याही कमी होतात.

हॉटेल बांधून झालं, पण धंदा बसला आणि ते ९ कोटींना विकावं लागलं, तर बँक आधी ६ कोटी घेऊन जाते. उरलेले ३ कोटी ५० जणांत वाटले की प्रत्येकी ६ लाख, विक्रीचा खर्च वजा जाता त्याहूनही कमी. ग्रीन कार्ड मात्र शाबूत राहू शकतं, कारण खर्च झाला होता आणि नोकऱ्या मोजता येतात. याच्या उलट, बँकेचं कर्ज मंजूरच झालं नाही, इमारत उभी राहिली नाही आणि विकासकाने पैसे प्रामाणिकपणे परत केले, तर मुद्दल वाचलं, पण नोकऱ्या नाहीत, म्हणून ग्रीन कार्डही नाही. त्यामुळे बँकेचं मंजुरीपत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि राखीव नोकऱ्यांचा आकडा विचारल्याशिवाय सही करू नका. कर्जाच्या करारातली मुदतवाढीची कलमं वाचा. ‘पाच वर्षं’ म्हणून सांगितलेलं कर्ज विकासकाच्या मर्जीने सातवर गेलेलं तिथेच सापडतं.

आणि कोणी मुद्दलाची हमी देत असेल तर तिथून उठा. पैसा खऱ्या जोखमीत असणं ही कायद्याचीच अट आहे. परतफेडीची हमी लिहून दिली तर अर्ज त्याच कारणाने नामंजूर होतो आणि लिहून दिली नाही तर त्या शब्दाला किंमत नाही.

अर्ज सर्वांत जास्त रखडतात ते पैशाच्या उगमावर. पैसा कायदेशीर असून भागत नाही. कमाईपासून फंडाच्या खात्यापर्यंतची प्रत्येक पायरी कागदावर दिसावी लागते. सात वर्षांची करविवरणपत्रं, बँकेचे उतारे, मालमत्ता विकली असेल तर विक्रीखत, शिवाय ती मालमत्ता मुळात कोणत्या पैशाने घेतली होती त्याचा पुरावा. वडिलांनी बक्षीस म्हणून रक्कम दिली तर बक्षीसपत्र पुरत नाही, त्यांचे पैसे कुठून आले हेही दाखवायचं. ओळखीच्या माणसाच्या खात्यातून डॉलर फिरवले तर त्याची ओळख आणि त्याच्या पैशाचा उगम, दोन्ही तुमच्या फाइलचा भाग होतात. फंडाची प्रशासकीय फी ८ लाखांखेरीज वेगळी असते. तिचाही उगम दाखवावा लागतो आणि नेमका तोच कागद लोक विसरतात.

संधी खरी आहे, हेही तितक्याच जोराने सांगतो. अमेरिकेत वैध व्हिसावर असलेल्याचा गट खुला असेल, म्हणजे त्या गटात व्हिसासाठी रांग नसेल, तर गुंतवणुकीचा आय-५२६ई आणि ग्रीन कार्डचा आय-४८५ हे दोन्ही अर्ज एकत्र भरता येतात. आय-४८५च्या आधारे कामाचा आणि प्रवासाचा परवाना मिळू शकतो, आणि नोकरी गेली की देश सोडण्याची टांगती तलवार दूर होते. ज्यांनी ही धास्ती वर्षानुवर्षं घेतली आहे त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण वर्षाला या योजनेचे व्हिसे साधारण १० हजारच आणि त्यात जोडीदार व मुलंही मोजली जातात. त्यातले २० टक्के ग्रामीण, १० टक्के बेरोजगारी जास्त असलेल्या भागातल्या आणि २ टक्के पायाभूत प्रकल्पांसाठी राखीव आहेत. व्हिसाची रांग जन्मदेशावर ठरते, नागरिकत्वावर नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाची रांग धरता येते, हे जरूर तपासा.

मुलांचं वय हा वेगळाच घोर. अर्ज विचाराधीन असलेले दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, पण मंजुरीनंतर व्हिसा क्रमांकाची वाट पाहण्यात गेलेले दिवस होत नाहीत. १९ वर्षांच्या मुलासाठी लांब रांगेच्या गटात पैसे घालणं म्हणजे त्याला कुटुंबापासून तोडण्याचा धोका पत्करणं.

कराबद्दल एवढंच, की दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालं तरी अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर कर मागते. अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली की ती कळवावी लागते. परदेशातल्या म्युच्युअल फंडांचे कर-नियम तर फारच जाचक आहेत. कराचा सल्ला कार्ड येण्याआधी घ्यायचा असतो. सशर्त कार्डावरच्या अटी काढून ते कायम करण्याचा आय-८२९ हा अर्ज दोन वर्षं पूर्ण होण्याआधीच्या ९० दिवसांत भरायचा.

या योजनेचा पूर्वी गैरवापर झाला आणि तो उघड उघड झाला. न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्ससारख्या श्रीमंती प्रकल्पाला ‘बेरोजगारीचा भाग’ ठरवताना जनगणनेसाठी पाडलेले शहराचे तुकडे पार हार्लेम या गरीब वस्तीपर्यंत जोडले गेले. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या स्की रिसॉर्टच्या प्रकरणात ३५ कोटी डॉलरहून अधिक गोळा झाले, एप्रिल २०१६मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार नियामक (एसईसी) कोर्टात गेला आणि त्यातली जैववैद्यकीय प्रयोगशाळा कधी उभीच राहिली नाही. परदेशी गुंतवणूकदारांइतकीच फसगत न्यूपोर्ट या छोट्या गावाचीही झाली. नोकऱ्यांच्या आशेवर बसलेल्या त्या गावाच्या भर बाजारात पाडलेल्या इमारतींच्या जागी खड्डा उरला.

२०२२च्या कायद्याने हे तुकडे जोडणं बंद केलं. आता फक्त लगतचेच तुकडे धरता येतात. भाग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला, फंडावर स्वतंत्र प्रशासक किंवा वार्षिक लेखापरीक्षण सक्तीचं झालं आणि एजंटचं कमिशन लेखी उघड करणं बंधनकारक झालं. ही सुधारणा मला मनापासून योग्य वाटते. स्पेनने एप्रिल २०२५मध्ये गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा राहण्याचा परवाना, बंद केला, पोर्तुगालने २०२३मध्ये घरखरेदीचा मार्ग काढून टाकला, कारण तिथे पैसा प्रामुख्याने तयार घरांत जात होता आणि घरांच्या किमतीचा प्रश्न आधीच पेटलेला होता. नोकऱ्या मोजणारी योजना निदान तिथल्या लोकांना काही देऊ शकते.

रीजनल सेंटर योजनेची सध्याची मुदत ३० सप्टेंबर २०२७ आहे. ३० सप्टेंबर २०२६पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, योजना पुढे बंद पडली तरी, कायद्याने संरक्षण आहे. या तारखेचा धाक दाखवून प्रकल्प विकले जातात. पैशाच्या उगमाची फाइल जमवायलाच कित्येक महिने जातात, म्हणून काम तिथून सुरू करा. प्रकल्पाची निवड ती फाइल वकिलाने तपासून दिल्यावर.