पालथ्याचा तास

निवृत्त झालं की साहेब संपतात, अशी सरकारी नोकराची एक गोड समजूत असते. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून मी जन्म काढला, नाशिक जिल्ह्यातले बांध उन्हातान्हात तुडवले, निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेतलं. आता नाशिकच्या घराला कुलूप लावून आम्ही दोघं पुण्यात मुलाकडे रुजू झालो आहोत. नवे साहेब आम्ही आलो तेव्हा पाच-साडेपाच किलोंचे होते. दात नव्हते, मान नव्हती, पण अधिकार पहिल्या दिवसापासून होता.

साहेबांचा कारभार सूनबाईंच्या मोबाइलवरून चालतो. त्यात एक अॅप आहे. ते रोज सकाळी टुणकन वाजतं आणि आज बाळाशी काय खेळायचं ते सांगतं. उगीच खेळायचं नाही. प्रत्येक खेळाखाली त्याने बाळाच्या मेंदूत काय काय घडणार आहे ते छापलेलं असतं. आमच्या घरात खुळखुळा वाजवला की पोर रडायचं थांबतं, एवढीच त्याची ख्याती होती. आता तो 'श्रवण आणि दृष्टी यांचा समन्वय' साधतो. बाळंतपणाची रजा संपण्याआधी सासू-सासऱ्यांना तयार करायचं, असा सूनबाईंचा पक्का बेत होता. ही तयार होतीच. प्रश्न माझा होता.

कारण स्वतःच्या मुलाशी मी खेळल्याचं मला फारसं आठवत नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं पोर उचलून घेणं म्हणजे चारचौघांत चावटपणा. वडील ओटीवर असले की मी पाळण्यावरून मान खाली घालून जायचो. पोरगं माझ्याकडे बघून हसलं तरी ते शेजाऱ्याचं असल्यासारखा चेहरा करायचो. तेव्हा या विषयात माझा अनुभव शून्य, आणि वय सदुसष्ट.

सुरुवात काळ्या-पांढऱ्या चित्रांपासून झाली. तान्ह्या बाळाला सुरुवातीला रंग नीट कळत नाहीत, गडद आणि फिकं यातला फरक तेवढा कळतो, म्हणून काळे पट्टे, काळी वर्तुळं, एक काळी मांजर अशी जाड पुठ्ठ्याची चित्रं मागवली होती. ती 20 ते 30 सेंटिमीटरवर धरायची, कारण बाळाला पहिल्या काही आठवड्यांत त्याच अंतरावरचं चांगलं दिसतं. अंतर म्हटल्यावर माझ्या अंगात खातं संचारलं. मी वीत टाकून बघितली. माझी वीत 22 सेंटिमीटर, म्हणजे हद्दीच्या आत. मग लक्षात आलं की अंगावर पिणाऱ्या बाळाच्या डोळ्यांपासून आईचा चेहराही साधारण तेवढ्याच अंतरावर येतो. मोजणी ज्याने कोणी केली त्याने चोख केली आहे. पुठ्ठ्यांचे पैसे मात्र गेलेच, कारण साहेबांनी मांजरीकडे एकदा बघितलं, जांभई दिली आणि नजर वर लावली.

वर पंखा होता.

त्या पंख्याबद्दल मला बोलायचंच आहे. पांढऱ्या छताखाली तीन तपकिरी पाती. गडद-फिकं हवं, आहे. हालचाल हवी, आहे. आणि मुख्य म्हणजे पंखा कुणाच्या मेंदूचा विकास करायला धडपडत नाही. साहेब त्याच्याकडे बघून जे हसतात, तसं ते आमच्यापैकी कुणाकडेही बघून हसलेले नाहीत. वीज गेली आणि पाती हळूहळू थांबली की त्यांचा ओठ काढायचा कार्यक्रम सुरू होतो. आजोबा, आजी, आई, बाबा आणि पंखा, अशी आमच्या घराची उतरंड आहे. ती खालून वर वाचावी.

पण खरा छळ म्हणजे पालथ्याचा तास. बाळाला जागेपणी रोज थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तसं लिहूनच दिलं आहे : जी बाळं अजून सरकत नाहीत त्यांना दिवसभरात मिळून निदान अर्धा तास. यामागचं कारण मला पटलं. झोपेत अचानक बाळं दगावतात म्हणून 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं. मृत्यू खूप घटले, ते उत्तमच झालं. मात्र झोपही उताणी आणि जागेपणीही उताणं ठेवलं तर मानेला, खांद्यांना व्यायाम कुठून मिळणार? म्हणून हा तास. आमच्या वेळी त्याची सोय न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे असायची. ती पाय पसरून बसायची, पोराला नडग्यांवर पालथं टाकायची, पाठीवर तेल जिरवायची, आणि पोर मान उचलून सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी तक्रार नोंदवायचं. व्यायाम, अंघोळ, गायन एका बैठकीत.

आता बाई नाही, चटई आहे. आणि अॅपचं म्हणणं, मोठ्या माणसाने बाळाच्या पातळीवर यावं. म्हणजे मीही पालथं पडायचं.

सदुसष्टाव्या वर्षी पालथं पडणं ही टप्प्याटप्प्याने करायची गोष्ट आहे. आधी सोफ्याचा हात धरायचा, मग एक गुडघा टेकायचा, तिथे जरा थांबून देवाचं नाव घ्यायचं, मग दुसरा. त्यानंतर हात पुढे सरकवत सरकवत साष्टांग. एवढं करून मी समोर पोचतो तर साहेब दुपट्यावर गाल टेकवून स्वस्थ. मी चुटकी वाजवतो. मग सुरू होतं. आधी कपाळाला आठ्या, मग कान लाल, मग दोन्ही मुठी आवळून डोकं वर. ते डोकं दोन बोटं उचललं जातं, डुगडुगतं, डावीकडे कलतं, सावरतं, आणि त्या अवघड अवस्थेत ते माझ्याकडे रोखून बघतात. अर्ज अपूर्ण आहे असं सांगायच्या आधी तहसीलदार असंच बघायचे. पुढच्या क्षणी नाक दाणकन दुपट्यात. लाळेचं एक तळं होतं, त्यात उजवा गाल ठेवून साहेब खच्चून रडायला लागतात. त्यांना उचलायला पाहिजे आणि मी स्वतः उचलला जाण्याच्या अवस्थेत. "अगं ए," मी हाक मारतो. ही येते, आधी त्याला उचलते. मला नंतर.

एकदा असे आम्ही दोघं समोरासमोर पालथे असताना पार्सलवाला आला. दार उघडंच होतं. त्याने आत डोकावून आम्हाला बघितलं, "आजोबा पडले का?" म्हणत धावत आला आणि काखेत हात घालून मला उभं केलं. पोराचा स्वभाव चांगला होता. मी खाली मुद्दाम गेलो होतो, हे मला त्याला पटवता आलं नाही. जाताना त्याने हिला सांगितलं, "काकू, यांना एकटं सोडू नका."

जीभ दाखवण्याचंही असंच. 1977 मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की अगदी दोन-तीन आठवड्यांची बाळंसुद्धा समोरच्याने जीभ काढली की जीभ काढतात. अलीकडे काही जणांनी तसं खरंच होतं का याबद्दल शंका काढली आहे, पण ती बातमी आमच्या अॅपपर्यंत पोचलेली नाही. मी खिडकीत साहेबांना मांडीवर घेऊन जीभ काढतो, आत घेतो, थांबतो. साहेब गंभीरपणे निरीक्षण करतात. समोरच्या इमारतीतल्या आजी तुळशीला पाणी घालताना रोज हे बघत होत्या. आता त्यांनी कुंडी पलीकडच्या गॅलरीत नेली आहे.

मग सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही त्याच्याशी बोला. खूप बोला. पण आपण बोललो की थांबायचं, त्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा." काय बोलायचं? तीन महिन्यांच्या माणसाशी माझा समान विषय कुठला? शेवटी मला जे येतं ते मी सांगायला घेतलं. "तर काय झालं साहेब, दोघं सख्खे भाऊ. धाकट्याने बांध कोरला." थांबलो. साहेब म्हणाले, "आंऽगूऽ." मी म्हटलं, "अगदी बरोबर. थोरल्याने मोजणीचा अर्ज टाकला. साध्या नाही, अतितातडीच्या मोजणीचा." थांबलो. साहेब पाय झाडत म्हणाले, "अव्वूऽ." नोकरीत इतकी वर्षं दोन्ही पक्ष एकाच वेळी बोलायचे. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबून मग उत्तर देणारा हा पहिलाच पक्षकार. त्या आठवड्यात आम्ही दिंडोरीपासून निफाडपर्यंतची सगळी जुनी प्रकरणं निकालात काढली. खेळ असा असेल तर माझी ना नाही.

हिला यातलं काही शिकवावं लागलं नाही. ही खोलीत शिरतानाच आवाज वर चढवते, "कोऽण उठलंऽ? माझं सोनं उठलंऽ?" आणि साहेब हातपाय झाडून झोपाळ्यासारखे हलायला लागतात. इतकी वर्षं मी या लाडे लाडे बोलण्याला नाकं मुरडत आलो. सूनबाईंनी सांगितलं की बाळांना साध्या बोलण्यापेक्षा असं सूर लावून, ताणून बोललेलं जास्त आवडतं, आणि 2020 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या 67 प्रयोगशाळांनी मिळून ते तपासून बघितलं. मी हिला ही बातमी दिली. ही म्हणाली, "सदुसष्ट ठिकाणी कशाला गेले? मला विचारायचं."

पाश्चात्त्य संगीत फार टिकलं नाही. मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं म्हणून मुलाने स्पीकर आणला. मी नोंदी तपासणारा माणूस. ज्या 1993 च्या प्रयोगावरून हे सगळं उठलं त्यात एकही बाळ नव्हतं. कॉलेजचे 36 विद्यार्थी होते, आणि झालेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरीही 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला संगीत वाटायला सरकारी तिजोरीतून 1,05,000 डॉलर मागितले. निधी कशावर मागावा याला कुठल्याच देशात धरबंद नाही. आमच्या साहेबांना कुकरची शिट्टी आवडते. तिसरीला ते खुदकन हसतात.

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत नातवंडांचं प्रदर्शन भरतं. तिथे एक काकू आहेत. "अजून बसत नाही? आमची पाचव्यात बसली हो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्प घरी आलो आणि हद्दी शोधून काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं बघून 2006 मध्ये त्या छापल्या आहेत, आणि त्या मुलांत आपल्या दिल्लीचीही आहेत. आधाराशिवाय बसणं : पावणेचार ते सव्वानऊ महिने. स्वतंत्र चालणं : सव्वाआठ ते साडेसतरा. आणि काही मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. एवढी ऐसपैस हद्द मी कुठल्याही सातबाऱ्यावर बघितलेली नाही. दुसऱ्या दिवशी काकूंना आकडे ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते झालं हो. पण आमची पाचव्यात बसली."

सहावा सरला आणि साहेब बसले. मग खेळ बदलले. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचं, त्याला चारा-पाणी द्यायचं आणि भुर्र उडवून लावायचं, हा हिचा हातखंडा. पदराआडून 'कुक' करणंही तिचंच. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे बाळाला साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास उमगतं, असं स्वित्झर्लंडच्या पियाजे नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितलं आहे. आमच्या साहेबांना ते उमगलं तो दिवस माझ्या कमरेसाठी वाईट. ते उंच खुर्चीत बसतात, हातातला चमचा बाजूला नेतात, सोडतात, वाकून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. चमचा आहे, फक्त खाली आहे, आणि तो वर आणणारा माणूस समोर आहे. मी देतो. ते टाकतात. वाटी, बिस्किट, माझा चष्मा. लाकडी खेळण्यांचा अख्खा खोका कोपऱ्यात तसाच आहे.

काल असाच चमचा सोफ्याखाली गेला. मी खाली बसलो, तो काढला आणि कशालाही न धरता सरळ उभा राहिलो. माझ्या ते लक्षातही आलं नाही, हिच्या आलं. तेवढ्यात सूनबाईंचा मोबाइल टुणकन वाजला : बाळाने आज नवीन काही केलं का? "बाळाचं राहू दे," ही म्हणाली, "लिही त्यात. आधाराशिवाय उभे राहिले." सूनबाईंनी हसत हसत बटण दाबलं. पडद्यावर फुगे उडाले आणि खाली अक्षरं आली, अभिनंदन, तुमचं बाळ वयाच्या मानाने पुढे आहे.

दोन मिनिटांत मुलाचा ऑफिसमधून फोन. त्याच्याही मोबाइलवर फुगे पोचले होते. "आई, उभा राहिला? व्हिडिओ काढलात ना?"

"नाही रे," ही म्हणाली. "थांब, पुन्हा खाली बसवते."